गादीवाले आण्णा आणि सु. बा. पाटील

आमच्या शेजारच्या आण्णांकडून गादी घेतली की ती पहिल्या दिवशी टोचते. कितीही महागाची असो, टोचतेच. कुणाला पाठीत, कुणाला बरगडीत. मग माणूस उठतो, गादीवरून हात फिरवतो, बायकोला हाक मारतो, दोघं मिळून खोळ काढतात, आणि आतून निघतं एक पुस्तक. पोरांचं. चित्रंबित्रं असलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गिऱ्हाईक तणतणत येतं आणि माझ्या दुकानात शिरतं, कारण आण्णांचं दुकान उशिरा उघडतं आणि माझं वेळेवर. माझं चष्म्याचं दुकान. लोकांचे डोळे उघडायचे हा माझा धंदा, मिटायचे हा आण्णांचा, आणि मधे एक लाकडी फळ्यांची भिंत. "मी गाद्या विकत नाही हो," हे वाक्य मी इतक्यांदा ओरडलोय की आता झोपेतही ओरडतो, असं बायको म्हणते.

मागं उचगावच्या एक बाई रिक्षात गादी घालून आल्या. अख्खी गल्ली गोळा केली. "ही काय गादी हाय? आत लाकूड ठेवलंय का काय?" तेवढ्यात आण्णा सायकल ढकलत आले. रागावलेलं गिऱ्हाईक बघून या माणसाला इतका आनंद होतो की विचारू नका.

"टोचलं न्हवं?" आण्णा म्हणाले. "बरं झालं. मऊ गादीवर मानूस नुसतं पडून ऱ्हातंय. टोचलं की उठून बसतंय, उठून बसलं की वाचतंय. वाचलासा काय?"

"मी कशाला वाचू? आमच्या सासूबाई वाचायल्यात. मागितलं तर देईनात," बाईंचा आवाज जरा उतरला.

"आनि लिवलंय कुनी?"

बाई पदर सारखा करायला लागल्या. आण्णांचा चेहरा पडला. "आवो, घरात पावणं आलं, जेवलं, पोरास्नी हसवलं, आनि तुमी नाव बी इचारलं न्हाई? काय म्हनायचं ह्याला?"

बाई गादी घेऊन परत गेल्या. जाताना सासूबाईंसाठी दुसरं पुस्तक घेऊन गेल्या, आणि लेखिकेचं नाव तोंडपाठ करून.

आण्णांचं स्वतःचं नाव दुकानाच्या पाटीवर आहे म्हणतात. पण पाटीवर कापूस बसून बसून ते आता कुणाला वाचता येत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. उंच, किडकिडीत देह, अंगात बंडी, खिशात गाद्या शिवायचं दाभण, भुवयांत बारा महिने कापूस. मी चष्मा करून दिला की आठवड्यात त्याच्या बिजागरीत कापूस जाऊन बसतो. "आण्णा, हा चष्मा आहे, उशी नव्हे!" मी खेकसतो. मी तसा तापट माणूस. आण्णा शांतपणे म्हणतात, "चष्मेवाले, तुमचा नंबर वाढलाय. डोळ्याचा न्हवं, डोस्क्याचा." आणि माझ्या हातात एक पुस्तक ठेवतात.

असंच एकदा त्यांनी मला वाट चुकलेल्या मुंगीची गोष्ट दिली. मी म्हटलं, "आण्णा, मी पन्नाशीचा माणूस. मुंगीची गोष्ट वाचू?" ते म्हणाले, "मुंगी तुमच्यापरीस लहान हाय. जरा सांभाळून घ्या तिला." मी पुस्तक ड्रॉवरमधे टाकलं. मग एका दुपारी लाईट गेली, नंबर काढायचं मशीन बंद पडलं, आणि करायला काही नव्हतं म्हणून ते उघडलं. मुंगी घरी पोचेपर्यंत लाईट कधी आली कळलं नाही. समोर एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं आणि माझ्याकडं टक लावून बघत होतं. चष्मेवाल्याचेच डोळे भरून आलेले गिऱ्हाइकाला दिसणं काही धंद्याला बरं नव्हे. मी कापसावर ढकललं. आण्णांच्या शेजारी राहण्याचा एवढा एक फायदा आहे.

आण्णांना ही पुस्तकं कुठं सापडतात, हे एक कोडंच आहे. कापूस आणायला बाहेर पडतात ते रद्दीवाल्याकडं बूड टेकतात. बंद पडलेल्या वाचनालयाचं कपाट कुठं निघालं की यांना आधी खबर. नव्या पुस्तकांचं प्रदर्शन लागलं तर हा सहा फुटी माणूस लहान मुलांच्या टेबलाखाली मांडी घालून बसतो, पोरांच्या बरोबरीनं, आणि एखादं आवडलं की मोठ्यांदा म्हणतो, "अय, हे बग की!" कुणाला कुठलं पुस्तक द्यायचं हे ते तोंडाकडं बघून ठरवतात. बँकेतल्या घाईघाईच्या साहेबांना त्यांनी गोगलगाईचं दिलं. साहेब चिडले नाहीत. दुसरा भाग आहे का, विचारायला आले.

पण आण्णांचं खरं दुकान बघायचं तर सुट्टीच्या दिवशी दुपारी यायचं. त्या वेळी आमची गल्ली पेंगत असते. रस्त्यावर माणूस नाही, पानपट्टीवाल्याचा रेडिओसुद्धा हळू झालेला. आण्णांनी कापूस पिंजायचं यंत्र नुकतंच बंद केलेलं असतं आणि कापसाचे बारीक तंतू अजून हवेत तरंगत असतात. वरच्या काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप येते, त्यात ते वर जातात, खाली येतात, कशाचीच घाई नसल्यासारखे. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत नमुन्याच्या गाद्यांवर गल्लीतली पोरं आडवी.

इथं बसून गोष्ट ऐकायला बंदी आहे. "बसून ऐकली तर डोस्क्यात जाते. पडून ऐकली तर अंगात जाते," असं आण्णांचं शास्त्र. आधी सगळ्यांनी एका सुरात लिहिणाऱ्याचं नाव घ्यायचं, मग आण्णा कापसाच्या ढिगावर बसून वाचायला सुरुवात करतात. पुस्तक कितीही शुद्ध भाषेत असो, आण्णांच्या तोंडून राजकन्या "व्हय की" म्हणते आणि राक्षस "आता गं बया" म्हणतो. फळ्यांच्या फटीतून ते सगळं माझ्या दुकानात झिरपतं. एका डोळ्यावर झाकण घालून मी गिऱ्हाइकाला म्हणतो, "वाचा," आणि गिऱ्हाईक वाचतच नाही. उघडा डोळा कुठंतरी लांब लागलेला असतो. मीही मग लेन्स हातात घेऊन तसाच उभा राहतो. राक्षस नदी ओलांडेपर्यंत आमच्याकडं नंबर निघत नाही.

एकदा हातकणंगल्याची पार्टी लेकीच्या लग्नाच्या गाद्या बघायला आली. गादीवर पोरं. आण्णांनी खूण केली, गप, शेजारची बघा. नवरीचे वडील गादी कशी आहे बघावं म्हणून जरा कलंडले. गोष्ट चालूच होती. ते संध्याकाळी उठले, तोंड धुतलं आणि म्हणाले, "हीच द्या. आनि ते कोल्ह्याचं फुडं काय झालं?"

लिहिणाऱ्यांचा छडा लावायचा, हा आण्णांचा दुसरा नाद. पुस्तक आवडलं की ते कुठून तरी फोन नंबर मिळवतात. "हॅलो. तुमी ते अस्वलाचं लिवलंय न्हवं? मी कोल्हापुरातनं बोलतोय. अस्वल झ्याक जमलंय. बरं, ठेवतो." बास. तिकडचा माणूस कोण, का, कशासाठी म्हणेपर्यंत इकडं फोन बंद. मग चार दिवसांनी एस.टी.च्या पार्सलनं त्या लेखकाला एक उशी जाते. सावरीच्या कापसाची, हलकी, हातात घेतली तर आहे की नाही कळू नये अशी. "चांगलं लिवायचं तर आधी चांगलं झोपाया नको?" असा साधा हिशेब.

पार्सलवर नंबर मात्र माझा. कारण आण्णांना यंत्राच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. साताऱ्याकडच्या एका वयस्कर लेखकांचा मला फोन आला. "आम्ही काही मागवलेलं नाही. यात नेमकं काय आहे?"

"कापूस," मी म्हटलं.

"आणखी काही?"

"आणखी प्रेम असेल. त्याची चौकशी माझ्याकडं करू नका, मी चष्मे विकतो."

महिन्याभरानं त्यांनी पत्नीसाठी तशीच दुसरी उशी मागवली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका पुस्तकापाशी आण्णांचं घोडं अडलं होतं, आणि तिथं ते कुणाला हसू देत नसत. पुस्तकाचं नाव 'झोप न येणारा ढग'. मुखपृष्ठ गेलेलं, छापणाऱ्याचा पत्ता गेलेला. आतल्या पानावर फक्त पुस्तकाचं नाव आणि खाली 'सु. बा. पाटील'. गोष्ट अशी की एका ढगाला आभाळात झोप येत नाही, म्हणून तो नदीकाठच्या गावात उतरतो आणि घरोघर जागा मागत फिरतो. कुंभाराच्या छपरावर झोपायला जातो तर चटके बसतात. शाळेच्या घंटेत शिरतो तर दचकून बाहेर येतो. म्हशीच्या पाठीवर डोळा लागतो न लागतो तोच ती पाण्यात डुंबायला जाते. प्रत्येक धड्यात एक जागा. आणि शेवटचा धडा शिवलेला.

शिवलेला म्हणजे शब्दशः. आण्णांनी त्या शेवटच्या पानांच्या कडा दाभणानं, गादीच्या जाड दोऱ्यानं, पक्के टाके घालून बंद केल्या होत्या. "ज्यानं लिवलंय त्येच्याच तोंडनं शेवट ऐकायचा. पाटील सापडंस्तवर टाका उसवायचा न्हाई." वर्षातून एकदोनदा पोरं हट्ट करत, आण्णा ढग वाचत, आणि टाक्यापाशी येऊन थांबत. मग जो गोंधळ उडे, तो ऐकून पानपट्टीवालाही मधे पडायला येई.

पोरांची पुढारी म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्यांची तनू. तिसरी-चौथीतली असेल, पण जीभ कात्रीची. "आण्णा, ही फसवणूक हाय."

"व्हय."

"मग उसवा की."

"न्हाई."

"ढग आमच्या गिरणीत झोपला असंल. तितं समदं पांढरंच असतंय, कुनाला दिसायचा न्हाई."

"असंल. पाटलांस्नी इचारू."

एकदा मी विचारलं, "आण्णा, निदान तुम्ही तरी शेवट वाचलाय का?" ते "न्हाई" म्हणाले आणि त्यांनी यंत्र चालू केलं. यंत्र चालू असताना आण्णांना काही विचारता येत नाही, हे ते यंत्र आणि आण्णा दोघांनाही चांगलं ठाऊक आहे.

आता कोल्हापूर जिल्ह्यात पाटील शोधायचा म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. भरल्या एस.टी.त "ओ पाटील" अशी हाक मारा, निम्मी गाडी मागं वळून बघते, आणि ड्रायव्हरही. आण्णांनी सुभाष पाटील गाठले, सुधाकर पाटील गाठले, सुकुमार पाटील गाठले. प्रत्येकाला एकच प्रश्न, "ढग तुमचाच काय?" एक पाटील म्हणाले, "आमची जमीन वढ्याकडंला हाय. ढगाचं सातबाऱ्यावर काय न्हाई."

वर्षं चालली तसे आण्णा या बाबतीत हळवे झाले. एकदा चष्मा पुसता पुसता म्हणाले, "पानं पिवळी पडलीत, चष्मेवाले. लिवनारा हाय का न्हाई कुनास ठावं. आनि मीच आधी गेलो तर हे टाकं कोन उसवनार?" मी नेहमीसारखा खेकसलो नाही. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, ते मला सोसलं नाही.

आणि मग या हंगामात, उसाच्या गाड्या सुरू झाल्यावर, तो प्रकार झाला. आण्णा दारात गादी शिवत बसले होते. रस्त्यावरून उसानं भरलेली ट्रॉली गेली आणि तिच्या मागच्या फळीवर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'सु. बा. पाटील'. आण्णा उठले ते दाभण हातात घेऊनच पळाले. बंडीतला म्हातारा, हातात हे एवढं दाभण, ट्रॅक्टरच्या मागं "थांबा, ढग, थांबा!" करत पळतोय, हे दृश्य बघून ट्रॅक्टरवाल्यानं आधी वेगच वाढवला. चौकात गर्दीत तो अडकला म्हणून आण्णांना आणि त्यांच्या मागं धावलेल्या मला सापडला. गाव शिरोळकडचं, कृष्णेकाठचं. "मालक कसं हायत?" आण्णांनी विचारलं. "लई शिकल्यालं. घरात पुस्तकाचं कपाट हाय," ट्रॅक्टरवाला म्हणाला. आण्णांनी त्याला तिथंच मिठी मारली. दाभण त्याआधी मी काढून घेतलं होतं, हे नशीब.

कोल्हापुरात माणसाचा सत्कार करायचा तर नुसतं जाऊन भागत नाही. फेटा पाहिजे, हलगी पाहिजे. पुढच्या रविवारी आण्णांच्या टेम्पोत मागं गाद्या घातल्या, गाद्यांवर पोरं, पोरांच्या मधे हलगीवाला, आणि पुढं आण्णांशेजारी मी, मांडीवर फेट्याचा डबा आणि उशी घेऊन. "हे वाहतुकीच्या नियमात बसतं का?" मी दोनदा विचारलं. आण्णांनी टेम्पो चालू केला.

शहर मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. उंच, हिरवागार, वरती पांढरे तुरे आलेले. वारा आला की सगळे तुरे एकदम एकीकडं कलत. गुऱ्हाळाचा गोडसर वास येत होता, ऊन कोवळं होतं, टेम्पो सावकाश डुलत होता. मागून पोरांचा दंगा ऐकू येत होता, तो हळूहळू मंदावला. वळून बघितलं तर सगळी झोपली होती, हलगीवालासुद्धा. आण्णा समोर बघत गाडी चालवत होते आणि ओठ हलत होते. पाटलांना काय म्हणायचं, याची तयारी चालली होती.

सु. बा. पाटील म्हणजे सुरेश पाटील. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, पांढऱ्याशुभ्र शर्टातले. ते अंगणात येतात न येतात तोच हलगी कडाडली. मी फेटा बांधला, तनूनं उशी दिली. आण्णांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि एवढी तयारी करून एक शब्द बोलता येईना.

पाटलांनाच बोलावं लागलं. हंगाम चांगला ऊस काढणाऱ्यांच्या सत्कारांचा होता आणि माणूस भला होता. "तुमी पावणं एवढ्या लांबनं आलासा," त्यांनी घसा साफ केला, "पर मी काय इशेष केलेलं न्हाई. लागण येळंवर केली. ठिबक केलं. पाचट जाळलं न्हाई. खोडव्याकडं दुर्लक्ष केलं न्हाई."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आण्णा डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते. माझ्या कानात म्हणाले, "लेखक मानसं अशीच आडवळणानं बोलत्यात."

"पण ढग शेवटी कुठं झोपतो?" तनूनं सरळ विचारलं.

"ढगाचं काय सांगावं पोरी," पाटील म्हणाले, "ह्यो पाऊस हल्ली कुनाचं ऐकतोय?"

तनू वळली. "आण्णा, ह्यांनी लिवलेलं न्हाई."

"लिवलेलं? मी?" पाटील हसले. "आवो, शाळंत निबंध सुदिक मला अव्वा लिवून द्यायची!"

हलगी थांबली. आण्णांनी पाटलांचे हात सोडले. त्यांचा चेहरा बघवेना. पिशवीतून त्यांनी ते पुस्तक अर्धवट बाहेर काढलं होतं, ते परत आत सारत म्हणाले, "चूक झाली, पाटील. माफी करा. फेटा ऱ्हाऊ द्या, तो तुमचाच. आमी ढगाचा मानूस हुडकत आलतो."

"कुठला ढग म्हनलासा?"

दारात एक म्हातारी उभी होती. हातात चहाचा ट्रे, कपाळावरून पदर, काचेची जाड भिंगं. हीच पाटलांची अव्वा, म्हणजे आई. तिनं ट्रे खाली कट्ट्यावर ठेवला, सोप्यातून पुढं आली आणि आण्णांच्या पिशवीतून ते पुस्तक आपणच काढून घेतलं. पहिलं पान उघडलं. बराच वेळ नुसता हात फिरवला. मग शाळेत हजेरी द्यावी तशी म्हणाली, "सुशीला बाळासाहेब पाटील. हजर हाय."

आता सांगायला सोपं वाटतं. बाळासाहेबांचा मुलगा तो सुरेश बाळासाहेब, बाळासाहेबांची बायको ती सुशीला बाळासाहेब. आपल्याकडं घरोघर असंच असतं. एका छपराखाली दोन सु. बा. पाटील होते आणि आम्ही इतकी वर्षं सगळे बाप्येच तपासत बसलो. मी हे मोठ्यानं म्हणालो तर तनू म्हणते, "मला आलतं डोक्यात. पर मला कोन इचारतंय?"

"हा बारका असताना झोपायचाच न्हाई," अव्वा लेकाकडं बोट दाखवत म्हणाली. "दुपार न्हाई का कवा न्हाई, सारखं टुकूटुकू बघायचा. मग रोज याला ढगाची येक जागा सांगायची. तवा मी शाळंत शिकवायचे. ह्यांनीच हौसेनं छापून आनलं. पर बाईचं पुरं नाव घालाया गावात लाज वाटायची, म्हनून सु. बा. पुढं पूर आला, घरात छातीएवढं पानी. समदी गेली. येक बी उरलं न्हाई. मला वाटलं, झालं, संपला ढग. कुनी वाचला असंल असं सपनात बी न्हवतं."

"अव्वा," फेटा बांधलेले पाटील म्हणाले, "तो ढग म्हंजे मी?"

"मग काय तुझा बा?"

पाटलांनी फेटा उतरवला, दोन्ही हातांनी धरून आईच्या डोक्यावर ठेवला. तो तिच्या कानांपर्यंत आला. पोरं खो खो हसली, ती स्वतः हसली, आणि हसता हसता पुस्तक चाळत शेवटाला आली तेव्हा तिचा हात अडला. "हे कुनी शिवलं?"

"मी," आण्णा म्हणाले.

"का वो?"

आण्णा कट्ट्यावर बसले. यंत्र इथं नव्हतं.

"आमची मालकीन," ते म्हणाले. "इंदू. शेवटाला अंथरुनाला खिळली. म्या समद्या जिल्ह्यात न्हाई अशी गादी केली तिच्यासाठी, सावरीच्या कापसाची. पर तिला झोपच लागंना. गादीवाल्याची बायको आनि झोप न्हाई, काय करू? रद्दीत हे गावलं. मला कुटं वाचायची सवं? अक्षर लावून लावून दुपारच्याला येक धडा वाचायचो. तेवढ्यापुरता तिचा डोळा लागायचा. असं करत शेवटचा धडा ऱ्हायला. म्हनली, आज नगं. उद्या वाचा. संपलं तर फुडं काय ऐकू? म्या म्हनलं, दुसरी आनतो की पुस्तकं, लागंल तेवढी आनतो." ते थांबले. "दुसऱ्या दिशी ती न्हवती. मी येकट्यानं कसा वाचायचा शेवट? पुस्तकं मातुर आनत ऱ्हायलो."

मी त्यांच्या शेजारी दुकान घेतलं त्याच्याही आधीची ही गोष्ट. फळ्यांच्या त्या भिंतीतून राक्षस, राजकन्या, अस्वल, सगळे माझ्याकडं आले, इंदूवहिनी तेवढ्या आल्या नाहीत. मी डोळे पुसले आणि इथं ढकलायला कापूसही नव्हता.

अव्वानं पुस्तक आण्णांच्या पुढं धरलं. आण्णांनी खिशातून कात्री काढली आणि एकेक टाका कापला. दोरा जाड होता, वेळ लागला. कुणीही घाई केली नाही. पाटलांनी आतून घोंगडं आणून सोप्यात अंथरलं, पोरं त्यावर आडवी झाली. आण्णा भिंतीला टेकून बसले.

"हुंकार द्यायच्या का इंदूबाई?" अव्वानं विचारलं.

"द्यायची की. डोळं मिटल्यालं असलं तरी वाक्याला वाक्य हं म्हनायची. हुंकार थांबला की मी वळखायचो, लागला डोळा. मग पुस्तक मिटायचो."

"मग त्यांस्नीच सांगते," अव्वा म्हणाली. फेटा बाजूला ठेवला, चष्मा सारखा केला आणि आण्णांच्या शेजारी जी रिकामी जागा होती तिकडं तोंड करून बसली. "ऐका हं, इंदूबाई. समद्या गावात हिंडून ढग दमला आनि नदीच्या काठाला येऊन बसला."

ती थांबली. गोष्ट सांगणारा थांबतो, तशी. पोरांनी ओठ घट्ट मिटले होते. हा हुंकार आपला नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"हं," आण्णा म्हणाले. डोळे मिटलेले होते.

"नदी म्हनाली, का रं बाबा, असा का बसलास?"

"हं."

अव्वा वाचत होती. अंगणात ऊन पसरलं होतं, उसाच्या फडातून वारा वाहत होता, कुठंतरी लांब ट्रॅक्टर चालला होता. ढग नदीशी बोलत होता आणि आण्णा वाक्याला वाक्य हुंकार देत होते. पहिले हुंकार ओले होते. मग ते सावकाश आले. मग दोन वाक्यांना एक आला. मग अव्वा वाक्य संपवून थांबली, थांबूनच राहिली, आणि हुंकार आला नाही.

आम्ही सगळ्यांनी बघितलं. आण्णांची मान भिंतीवर कलली होती, तोंड जरासं उघडं होतं आणि ते बारीक घोरत होते.

तनू ताडकन उठून बसली. इतके दिवस ज्या पानासाठी ती भांडली, ते पान उघडं होतं, आणि ढग कुठं झोपतो ते पुढच्याच ओळीत असणार होतं. तिनं अव्वाकडं बघितलं. आण्णांकडं बघितलं. मग हळूच उठली, अव्वाच्या मांडीवरचं पुस्तक आपल्या हातानं मिटलं आणि ओठांवर बोट ठेवून परत जागेवर जाऊन पडली.